दाजी मुळगुंदांचं दहावं

सिंगापुरात, बेडोकमधल्या एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर, सुलेखामावशींच्या हॉलमध्ये, मंगळवारी सकाळी दाजी मुळगुंद वारले.

प्रबोध रणदिवेनं त्यांना फार हळुवार हातानं मारलं होतं. रक्त नाही, किंकाळी नाही. तुआस बंदरातल्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या बसल्या दाजींची मान कलंडली, हातातलं अर्धं मारी बिस्कीट खाली पडलं आणि काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकचं वजन मांडायचं राहून गेलं. हे शेवटचं वाक्य प्रबोधला स्वतःला इतकं आवडलं होतं, की वाचताना त्याचा आवाज जरा कापला. मग त्यानं लॅपटॉपवरून मान वर केली आणि दाद यायची वाट बघितली.

दाद आली नाही. मावशी उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी शिऱ्याखालचा गॅस बंद केला, हात धुतले, दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज गोड नको."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून खालच्या मजल्यावरचे दिलीपकाका उठले आणि चपला शोधायला लागले. "मी निघतो. घरी जाऊन अंघोळ करतो."

"अंघोळ? काका, तुम्ही आत्ता करूनच आलात ना?"

"ती रोजची. ही वेगळी."

"अहो, पण कादंबरी आहे ही! दाजी नावाचं कुणी नाहीच!"

"नाहीच रे आता," काका म्हणाले, आणि चष्मा पुसत लिफ्टकडे गेले.

आता हा प्रबोध कोण, ते सांगायला हवं. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत अर्धं आयुष्य काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ. निवृत्त माणसं सिंगापुरात एकतर गोल्फ खेळतात किंवा नातवंडांच्या मागे धावतात. याला गोल्फ येत नव्हता आणि मुलगी अवनी लग्नाचं नाव काढत नव्हती, म्हणून हा कादंबऱ्या लिहायला लागला. प्रकाशकांची दोन वर्षं वाट बघितली, मग प्रकाशकाशिवायच लिहायला लागला. म्हणजे लिहायचं यानंच, तपासायचं यानंच, जुळवायचं यानंच, इंटरनेटवर चढवायचं यानंच आणि कुणी विकत घेत नाही म्हणून रडायचंही यानंच. कव्हर तेवढं अवनी करून द्यायची, तेही "बाबा, फॉन्ट सो अग्ली लाह" असं सिंगापुरी इंग्रजीत दहादा ऐकवून. बायको मेधा अजून नोकरीत होती. तिचं म्हणणं एवढंच, की घरात गुंतून राहा, पण माझ्या ऑफिसच्या कॉलमध्ये खून पाडू नकोस.

'धक्का क्रमांक नऊ' ही त्याची मालिका. तुआसच्या बंदरात सौमित्र नावाचा एक मराठी सर्व्हेयर जहाजं तपासता तपासता रहस्यं उलगडतो, असा तिचा मामला. सौमित्र तरुण, देखणा, हुशार. पण वाचकांचं प्रेम पाहावं तर वजनकाट्यावरच्या म्हाताऱ्या कारकुनावर! दाजी मुळगुंदांना प्रबोधनं पहिल्या भागात एका पानापुरतं आणलं होतं, ट्रकचं वजन सांगायला. ते आले आणि उठलेच नाहीत. सौमित्र एखाद्या खुन्याच्या मागावर धावतोय, आणि मध्येच दाजी विचारणार, "जेवलास का रे?" की पुढची चार पानं जेवणात. चौथ्या भागापर्यंत अशी पाळी आली होती की सौमित्रला खुनी सापडायचा तो दाजींच्या गप्पांतून, आणि वाचकांची पत्रं यायची ती "दाजींची तब्येत कशी आहे?" अशी.

स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या लेखकांचा एक ऑनलाइन वर्ग प्रबोध मन लावून बघायचा. त्यातले गुरुजी म्हणाले, मालिका रेंगाळली तर सगळ्यात लाडकं पात्र मारा. वाचक पेटून उठतो. प्रबोधनं ते ऐकलं आणि त्याच्या मनात पहिल्यांदाच गुरूविषयी खरी भक्ती दाटून आली. पाचव्या भागाच्या बाराव्या प्रकरणात दाजींचा काटा काढायचा आणि पुढची सगळी कादंबरी त्या मृत्यूच्या खुंटीला टांगायची, असं ठरलं. तसं लिहूनही झालं. पुस्तकाची आगाऊ नोंदणी सुरू झाली, आणि कधी नव्हे ती नोंदणी चांगली झाली. आता शनिवारी दुपारी बाराच्या आत अंतिम फाईल चढवायची. नाही चढवली तर पुस्तक विकणारी साईट सगळ्या ऑर्डरी रद्द करते आणि वर्षभर तुम्हाला आगाऊ नोंदणी लावू देत नाही. नवख्या लेखकाला ही म्हणजे वर्षभराची हद्दपारीच.

राहता राहिलं मावशींकडचं वाचन. सुलेखामावशी म्हणजे मेधाची सख्खी मावशी. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सिंगापुरात आल्या. नवरा गेला, मावशी राहिल्या. संवाद कानाला खरे लागतात का ते बघायला मोठ्यानं वाचावं, हाही त्या गुरुजींचाच सल्ला. प्रबोधनं एकदा भिडेखातर मावशींना विचारलं, "ऐकाल का?" तेव्हापासून दर मंगळवारी मावशी आणि दिलीपकाका ऐकायला बसतात. काकांनी तुआसच्या गोदीत उमेदीची वर्षं काढलेली, त्यामुळे क्रेन कुठली, बोल्ट कुठला, यावर त्यांचा पहारा. आणि मावशींचा पहारा माणसांवर. त्या पहाऱ्याबरोबर मिळायचा तो मावशींचा चहा. अर्धा कप दूध, अर्धा कप साखर, आणि लाज वाटू नये म्हणून थोडी चहापत्ती. प्रबोध घरी बिनसाखरेचा पितो. पण लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला आला तेव्हा एक घोट घेऊन "छान झालाय" म्हणून गेला, आणि त्या दोन शब्दांची शिक्षा तो आजवर भोगत होता.

तर, त्या मंगळवारी दाजी गेले. प्रबोधला वाटलं, म्हातारी माणसं आहेत, दुपारपर्यंत विसरतील.

दुपारी मेधाचा ऑफिसातून फोन आला. "कोण गेलं आपल्याकडे? मला इथे तिघं येऊन भेटून गेले."

मावशींनी भजनी मंडळाच्या ग्रुपवर एवढंच टाकलं होतं: 'आमचे दाजी आज सकाळी गेले. काम करता करता गेले.' भजनी मंडळातून ते महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर गेलं, तिथून पुण्याला, पुण्याहून सांगलीला आणि सांगलीहून अमेरिकेला. खोटं वाटत असेल तर बेडोकमध्ये कुणालाही विचारा, पण संध्याकाळपर्यंत इथल्याच वुडलंड्समधल्या एका कुटुंबानं मुलाचा वाढदिवसाचा केक न कापता फ्रीजमध्ये ठेवला होता. तुआसमधल्या अंकुर नावाच्या एका इंजिनिअरनं 'घरातलं माणूस गेलं' म्हणून अर्धी रजा टाकली होती आणि साहेबानं सहानुभूतीनं पूर्ण मंजूर केली होती. सांगलीच्या एका वाचनालयात तर दाजींचा फोटो हार घालून लावला. फोटो कुठून आणला? अवनीनं चौथ्या भागाच्या कव्हरवर छत्रीवाला एक म्हातारा काढला होता, तोच कापून.

प्रबोधला फोनवर फोन. "धीर धरा हो."

"अहो, पण ते नव्हतेच कधी!"

"असं बोलू नये गेलेल्या माणसाबद्दल."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण रात्रीच्या जेवणाआधी प्रबोधनं साईट उघडली. ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या होत्या. एका बाईंनी लिहिलंही होतं: 'दाजीच नाहीत तर वाचून काय करायचंय? शिवाय सुतकात नवीन वस्तू घेत नाहीत.'

"पेटून उठतो म्हणे वाचक!" प्रबोध लॅपटॉपसमोर ओरडला. "हा तर विझून बसला!"

अवनी खोलीतून बाहेर आली. "बाबा, यू किल्ड दाजी? सीरियसली? कॅनॉट लाह! ब्रिंग हिम बॅक."

"आणता येत नाही! पुढचं सगळं पुस्तक त्याच्या मरणावर उभं आहे. शनिवारी फाईल द्यायचीय!"

"देन हाऊ?"

बुधवारी सकाळी तो मावशींकडे धावला. ही आग त्यांनी लावली होती, विझवायचीही त्यांनीच. मावशी फिक्या रंगाची साडी नेसून पोथी वाचत होत्या. दिलीपकाका सोफ्यावर बसून दाढी न केलेला गाल खाजवत होते.

"मावशी, ग्रुपवर एक ओळ टाका. दाजी खोटे आहेत म्हणून."

"प्रबोधराव," मावशी म्हणाल्या. मावशी एरवी त्याला अरे-तुरे करायच्या. त्यांनी 'राव' लावला की समजावं, आभाळ फाटलं. "प्रबोधराव, चार पुस्तकं तुम्ही आम्हाला दाजी खरे वाटावेत म्हणून घाम गाळलात. आता खरे वाटले, तर म्हणता खोटे?"

"बरं, खरे. पण सुतक दहा दिवसांचं. माझ्याकडे तीन आहेत."

"दहा कशाला? तेरावं प्रकरण कसं सुरू होतं, वाचा."

प्रबोधनं लॅपटॉप उघडून वाचलं. "दहा दिवस उलटले. सौमित्र पुन्हा वजनकाट्यावर आला, तेव्हा..."

"थांबा. दहा दिवस उलटले ना? मग दहावं कुठाय?"

"मावशी, काळ पुढे न्यायला लेखक असं लिहितात. सगळं दाखवत बसलो तर पुस्तक संपायचं नाही."

"चौथ्या भागात दाजींनी मिसळ खाल्ली ती चार पानं दाखवलीत. आणि माणूस गेला त्याचे दहा दिवस तीन शब्दांत उडवलेत. उद्या सकाळी ईस्ट कोस्टला समुद्रावर जाऊ. पिंड ठेवू. कावळा शिवला, की मी स्वतः ग्रुपवर लिहीन, दाजी सुखानं गेले, आता पुस्तक वाचा."

"मी पुस्तकात लिहितो ना, 'कावळा शिवला'! दोन शब्दांचं काम."

"लिहून काय होतंय!" मावशी म्हणाल्या.

लेखकाला आणखी काय ऐकायचं राहिलं होतं? त्यानं हात टेकले. जाता जाता काकांनी विचारलं, "गोत्र कुठलं लावायचं पण?"

"लेखकाचंच," मावशी म्हणाल्या. "जन्म त्यानंच दिलाय."

गुरुवारी सकाळी ऑफिसवाली गर्दी एमआरटीच्या गाड्यांत शिरत होती, तेव्हा ही तीन माणसं समुद्राच्या दिशेनं चालली होती. मावशींच्या हातात डबा, काकांच्या हातात केळीचं पान, आणि प्रबोधच्या कपाळावर आठ्या. समुद्रात मालवाहू जहाजं रांगेनं थांबली होती. काठावर नारळाची झाडं, सायकलवाले, धावणारे, आणि एक सिमेंटचं टेबल.

"पक्ष्यांना खायला घातलं तर इथे दंड होतो," प्रबोधनं शेवटचा प्रयत्न केला. "कायदा आहे."

"आपण कुठे घालतोय?" काका म्हणाले. "आपण सहलीला आलोय. डबा उघडला. समुद्र बघायला पाठ फिरवली. मागे कोण येऊन काय खातं, आपल्याला काय ठाऊक? गोदीत सेफ्टीवाला आला की आम्ही असंच करायचो."

टेबलावर पान मांडलं. त्यावर भाताचा गोळा, थोडं तूप, वर काळे तीळ, आणि शेजारी दाजींची मारी बिस्किटं. मंत्र कुणाला येत नव्हते आणि भटजी बोलवायची प्रबोधची तयारी नव्हती. प्रबोधनं बोटांवरून पाणी सोडलं, तिघांनी हात जोडले आणि समुद्राकडे तोंड करून तिरक्या डोळ्यांनी मागे बघत उभे राहिले.

कावळा लगेच आला. सिंगापूरचा कावळा म्हणजे काय चीज आहे ते ठाऊक असलेल्यांना नवल वाटणार नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, तुम्ही टिश्यू आणायला वळलात की ताटातली कोंबडी घेऊन जातो तो. हा टेबलावर उतरला, पानाभोवती एक फेरी मारली, भाताकडे बघितलं आणि बसून राहिला. दोन साळुंक्या आल्या, त्याही भातापाशी जाऊन मागे फिरल्या.

"काहीतरी राहिलंय त्यांचं," मावशी कुजबुजल्या.

"त्याचं पोट भरलं असेल," प्रबोध म्हणाला.

काकांनी खिशातून घडी केलेला, नारळाच्या गोड जॅमचा काया टोस्ट काढला आणि नकळत पडल्यासारखा टाकला. कावळ्यानं तो दोन घासांत संपवला, चोच पुसली आणि पुन्हा भाताकडे पाठ करून बसला.

मावशींनी पुन्हा हात जोडले. "दाजी, काट्याची काळजी करू नका. सौमित्र नवीन माणूस बघेल." कावळा ढिम्म. "दाजी, तुमची मांजर मी सांभाळीन."

"मावशी, मांजर कागदावरची आहे!"

"मग तिला खायला तरी काय लागणार आहे!"

कावळा ढिम्म.

काका म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवायचा का? सोय असते तशी."

"दाजींना दर्भाचा कावळा?" मावशी कडाडल्या. "उद्या म्हणाल दर्भाचे वाचक आणा!"

प्रबोधचा संयम सुटला. तो वळला आणि चक्क कावळ्याला म्हणाला, "हे बघ, माझ्या घरी भिंतभर चिठ्ठ्या लावल्यात मी. एकही धागा लोंबकळत ठेवलेला नाही. पहिल्या भागातली किल्ली तिसऱ्यात सापडली. हरवलेला पुतण्या चौथ्यात आला. पेन्शनचं काम झालं, दाढेचं दुखणं बरं झालं. काय राहिलंय?"

कावळ्यानं मान वाकडी केली.

"तो दुसरा कप कुणाचा रे?" काकांनी विचारलं.

"कुठला कप?"

"पहिल्या भागात, दाजी आले तेव्हाच. दाजी रोज सकाळी हॉकरवर बसतात. समोर दोन कप कॉफी. एक काळी, बिनसाखरेची, ती ते पितात. दुसरी गोड दुधाची, ती समोर तशीच गार होते. रोज. प्रत्येक भागात आहे. मी तर वाट बघतोय, कधी सांगतोस म्हणून."

"मीसुद्धा," मावशी म्हणाल्या.

प्रबोध मनातल्या मनात पानं उलटायला लागला. त्या गुरुजींनी सांगितलं होतं, प्रत्येक पात्राला एक सवय चिकटवा, म्हणजे ते लक्षात राहतं. यानं दुसरा कप चिकटवला आणि पुढे निघून गेला. तो कुणाचा, हे त्यानं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. भिंतीवर त्याची चिठ्ठी नव्हती, कारण याला तो धागाच वाटला नव्हता. दरवेळी दाजी आले की कप आले, एवढंच.

"ते... रहस्य आहे," तो म्हणाला.

"दाजी गेले. आता कोण उलगडणार?"

काहीतरी बोलणं भाग होतं. "त्यांच्या गेलेल्या बायकोचा कप."

कावळा दोन उड्या मागे गेला.

"दाजी ब्रह्मचारी," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या भागात तुम्हीच लिहिलंयत."

"बरं, एक जिवलग मित्र. जहाजाबरोबर बुडाला. त्याच्या आठवणीत..."

कावळ्यानं पाठ केली.

"नाहीतर असं धरा, तो कप म्हणजे हेरांची खूण! समोरच्या टेबलावर..."

कावळा उडाला आणि लांबच्या कचऱ्याच्या पेटीवर जाऊन बसला.

"बघा," मावशी म्हणाल्या. "उठून गेला. वाचकही असाच उठतो, फक्त काव काव करत नाही."

प्रबोध बाकावर बसला. ऊन चढत होतं. शनिवार दोन दिवसांवर आला होता, ऑर्डरी झडत होत्या आणि निवृत्त बँकवाला एका कावळ्यासमोर कथा मांडून तीन वेळा नापास झाला होता. त्याला वाटलं, गोल्फ शिकलो असतो तर बरं झालं असतं.

मावशींनी थर्मास उघडला. "घ्या. घसा कोरडा पडला असेल."

प्रबोधनं कप घेतला. घोट घेतला. पाकच तो. दाढा शिवशिवल्या, कानशिलं तापली. आणि सवयीनं, अगदी मन लावून, चेहऱ्यावर हसू आणून तो म्हणाला, "छान झालाय."

म्हणाला, आणि तसाच थिजला. कप ओठापाशी, नजर कपात.

"काय झालं?" काका म्हणाले. "माशी पडली?"

"कुणाचाच नाही," प्रबोध हळू आवाजात म्हणाला.

"काय?"

"तो कप कुणाचाच नाही. दाजी नवीन नवीन तुआसला लागले तेव्हा ऑफिसातला एकजण बरोबर यायचा. दोघं एकाच टेबलावर बसायचे. स्टॉलवरची आँटी दोन कप करायची, एक काळा, एक गोड. मग त्याची बदली झाली. दुसऱ्या दिवशी दाजी एकटेच आले. आँटीनं लांबूनच बघितलं आणि नेहमीसारखे दोन कप भरून ठेवले. आता केलाय तिनं, तर नको कसं म्हणायचं? दाजी म्हणाले, उद्या सांगू." प्रबोधनं कपातल्या चहाकडे बघितलं. "दुसऱ्या दिवशीही तिनं हसून दोन ठेवले. मग तर आणखीच अवघड. एवढे दिवस का नाही बोललात, असं तिला वाटलं असतं. अशी वर्षं गेली. तो गोड कप त्यांना पिववेना, आणि सांगवेना. भिडस्त माणूस."

मावशी प्रबोधच्या हातातल्या कपाकडे बघत होत्या.

"आणि आता दाजी गेलेत," प्रबोध म्हणाला, "पण आँटीला कुणी सांगितलंय? आज सकाळीही तिनं दोन कप भरून ठेवले असतील. उद्याही ठेवेल. त्यांचा जीव ट्रकच्या वजनात नाही अडकलेला. त्या कपात अडकलाय." तो उठला, टेबलाकडे वळला आणि हात जोडले. या वेळी सांगावं लागलं नाही. "दाजी, मी सौमित्रला तिच्याकडे पाठवतो. फाईल चढवायच्या आधी पाठवतो. शब्द देतो."

कचऱ्याच्या पेटीवरून कावळा उठला. टेबलावर उतरला, भातापर्यंत चालत गेला, प्रबोधकडे एकवार बघितलं आणि चोच लावली. एक घास, दुसरा घास, आणि मग पिंडच्या पिंड उचलला. जाताना मारी बिस्कीटही सोडलं नाही.

काका डोळे चोळत होते. "वाळू फार उडते इथे," ते म्हणाले. वारा नव्हता.

"चल रे, प्रबोध," मावशी म्हणाल्या. 'राव' गळून पडला होता. "उन्हात नको बसूस. लिहायचंय तुला."

शुक्रवारी प्रबोध खुर्चीवरून उठला नाही. 'दहा दिवस उलटले' हे तीन शब्द त्यानं खोडले आणि तिथे अख्खं प्रकरण घातलं. सौमित्र निरोप द्यायला हॉकर सेंटरला जातो. आँटी त्याला दाजींच्या टेबलाशी बघते आणि दोन कप आणून ठेवते. गुंडांना न भिणाऱ्या सौमित्रला तोंड उघडवत नाही. तो बसतो आणि दोन्ही कप पितो, काळा आणि गोड. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, पुन्हा पितो. तिसऱ्या दिवशी आँटी एकच कप आणून ठेवते, समोरची रिकामी खुर्ची टेबलाखाली सारते आणि निघून जाते. मेधानं ते वाचलं आणि ऑफिसचा कॉल चालू असताना नाक पुसलं. तिच्या साहेबाला वाटलं, बजेट पाहून रडते आहे.

शनिवारी फाईल चढेना. आधी चित्र मोठं म्हणून, मग चित्र लहान म्हणून. प्रबोधनं साईटच्या, गुरुजींच्या आणि स्वतःच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी अवनीनं त्याला खुर्चीतून उठवलं, "मूव्ह लाह, बाबा," म्हणत चार कळा दाबल्या आणि बारा वाजायच्या आत पडद्यावर हिरवी खूण उमटली. मावशींनी शब्द पाळला. ग्रुपवर लिहिलं: 'दाजी सुखानं गेले. कावळा पटकन शिवला.' या पटकनबद्दल प्रबोधला बरंच बोलता आलं असतं, पण ऑर्डरी परत यायला लागल्या होत्या, आणि वुडलंड्समध्ये एकदाचा केक कापला गेला होता.

मंगळवारी तो मावशींकडे गेला, तेव्हा शिऱ्याचा वास लिफ्टपर्यंत आला होता. काकांनी दाढी केली होती.

"प्रकरण वाचलं," मावशी म्हणाल्या. "सौमित्र सांगणार होता. त्यानं सांगितलंच नाही."

"मावशी, तिला कळलं ना."

"हं," मावशी म्हणाल्या. आत गेल्या आणि ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये काकांचा कप होता, आणि प्रबोधपुढे त्यांनी दोन ठेवले.

"हे काय?"

"हा तुझा. आणि हा दाजींचा. इथेच गेले ते, तेव्हा मंगळवारचा त्यांचा एक कप असू दे. कोरा, बिनसाखरेचा. त्यांना साखर चालत नसे." एवढं बोलून त्या खिडकीकडे गेल्या आणि नसलेलं काहीतरी बाहेर फार बारकाईनं बघायला लागल्या.

प्रबोधनं काकांकडे बघितलं. काका शिरा खाण्यात दंग होते. त्यानं हळूच दाजींचा कप उचलला आणि घोट घेतला. तीस वर्षांत या घरात प्रथमच त्याला चहाची चव लागली. त्यानं डोळे मिटून तो संपवला, रिकामा कप जागेवर ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

"आता तुझा पी," खिडकीतून न वळता मावशी म्हणाल्या. "दोन चमचे साखर जास्त घातलीय आज. दमला आहेस."

प्रबोधनं गोड कपाकडे बघितलं, मावशींच्या पाठीकडे बघितलं. ओठांपर्यंत आलेलं वाक्य त्यानं गिळलं, आणि त्याच्यामागून चहा.

"छान झालाय," तो म्हणाला.

खिडकीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला होता. त्यानं मान वाकडी केली.